पायाचा डोक्याशी काय संबंध, वहिनी?

वहिनी, तू गेलीस हे मला अजून खरं वाटत नाही, आणि मी काही भाबडी बाई नाही. बावीस वर्षं बिरवाडीत औषधाच्या दुकानात उभी आहे. माणसं आजारी पडतात, मरतात, हे मला कुणी सांगायला नको. पण डोकं दुखतंय म्हणून कपाळाला फडकं बांधून भांडी घासणारी बाई पाचव्या दिवशी या जगात नसते, असं मी कधी पाहिलं नव्हतं. आज सोळा दिवस झाले. तुझा तेरावा झाला, पंगत उठली, पाहुणे आपापल्या वाटेला लागले. मी मात्र "हे असं कसं झालं" यावरच अडकून बसले आहे. लोक मला विचारतात, "तुझी वहिनी कशाने गेली गो?" आणि मला सगळं माहीत असून मी म्हणते, "डोकं दुखत होतं."

शिवाय आपलं भांडण अर्धं राहिलंय.

भांडण जुनंच. तुझं म्हणणं, पाय भरून आले की तुझं डोकं धरतं. माझं म्हणणं, पायाचा डोक्याशी काय संबंध? कंपनीच्या कँटीनमध्ये तू आठ-आठ तास उभ्याने चपात्या भाजायचीस. संध्याकाळी खोलीवर आलीस की साडी गुडघ्यापर्यंत ओढून, पाय भिंतीला लावून जमिनीवर आडवी पडायचीस, आणि दादा चहा टाकायचा. तुझ्या पोटऱ्यांवर निळ्या-जांभळ्या शिरा गांडुळांसारख्या वळलेल्या असायच्या. मी डिप्लोमा केलेली, त्यामुळे गप्प बसणं मला कुठलं जमायला. मी तुला समजवायचे की शिरेच्या आतल्या झडपा सैल झाल्या की रक्त वर चढत नाही, खालीच साठून राहतं, म्हणून पाय जड होतात. डोकं दुखतं ते तव्याच्या धगीने, दुपारी तीनपर्यंत उपाशी राहण्याने, आणि नंबर लागलाय तरी चष्मा न लावण्याने. तू सगळं ऐकून घ्यायचीस. मग म्हणायचीस, "तुझ्या पुस्तकात पाय एका पानावर नि डोकं दुसऱ्या पानावर असंल. मला दोन्ही एकाच अंगात हायत."

मी फक्त हसायचे.

एकदा तर मीच तुला सवला, गरम पाण्याच्या कुंडावर नेलं, आठवतं? दुकानात येणाऱ्या एका म्हातारीने सांगितलं की सवच्या गरम पाण्यात पाय सोडले की शिरा बसतात. गरम पाण्याने शिरा आणखी सैल पडतात हे मी शिकलेलं होतं, पण म्हातारीने इतकं ठासून सांगितलं की मीही भुलले. तू कुंडाच्या काठावर बसलीस, पाय पाण्यात, लाल होईपर्यंत. उठलीस तर झोकांडी गेली. महाडपर्यंत रिक्षात कपाळ धरून बसली होतीस आणि तरी तुझ्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद. "बघितलंस? पाय तापले नि डोकं उठलं." मी म्हटलं, वहिनी, उन्हात बसलीस म्हणून. मग पापक्षालन म्हणून मी तुला ते घट्ट लांब मोजे आणून दिले, शिरांसाठी मिळतात ते. तू एक दिवस घातलेस. "साडीखाली हे घालून मी काय परेडला जाऊ?" पुढच्या महिन्यात बघते तर तुझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला एक मोजा टांगलेला आणि त्यात कांदे. इतकी रागावले होते मी तेव्हा. तू मात्र सांगत होतीस की त्यात कांदा सडत नाही, हवा खेळते.

एक गोष्ट मी तुला कधी बोलले नाही. तू लग्न होऊन वर डोंगरात, कुडपणला आलीस तेव्हा मी सातवीत होते. दहावी झाल्यावर बाबांनी माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात केली, तेव्हा डोक्यावरचा पदर सावरत तू पहिल्यांदा त्यांच्यासमोर तोंड उघडलंस. "तिला शिकू दे, मामंजी. मी दोघींचं काम करते." नुसतं म्हणाली नाहीस, केलंस. मी शिकायला खाली उतरले त्या सगळ्या वर्षांत माझ्या वाटणीचं पाणी झऱ्यावरून तूच चढवून आणलंस, पोटात बाळ असतानासुद्धा. तुझ्या पायाच्या शिरा पहिल्यांदा फुगल्या त्या तेव्हा. त्यांतली एखादी तरी माझ्या पाण्याची होती. औषधाच्या दुकानाची पाटी लागली त्या दिवशी मला हे तुला सांगायचं होतं. तू पेढे वाटण्यात गुंतली होतीस आणि मला लाज वाटली.

आता त्या दिवसाकडे येते. मला टाळायचं नाही.

गणपतीच्या आधीची गोष्ट. तू कँटीन सुटल्यावर दुकानात आलीस, गर्दी ओसरेपर्यंत बाकावर बसलीस आणि मग हळू आवाजात म्हणालीस, "सुवर्णे, तारीख पुढं ढकलायच्या गोळ्या दे. बरोबर गौरीत येत्ये अडचण."

मला कारण विचारावं लागलं नाही. यंदा गौर पूर्वा नक्षत्रात येत होती. आपल्याकडे नव्या सुनेचा पहिला ओवसा, सुपं भरून गौरीला ओवाळायची ती, पूर्वा नक्षत्रात गौर आली तरच होतो, नाहीतर पुढच्या सालावर, आणि पुढच्या सालीही जुळलं नाही तर त्याच्या पुढच्या. तुझा स्वतःचा तीन वर्षं रखडला होता. लेकीने भरलेली सुपं गौरीसमोर ओवाळलेली बघायची वाट पाहत तुझी आई बसली होती आणि दुसऱ्या वर्षीच गेली. हे तू मला किती वेळा सांगितलं असशील. आता घरात अंकिता आली होती, तुझ्या विकीचं लग्न होऊन तीन महिने झालेले. पहिल्याच वर्षी पूर्वा. "माझ्या सुनेचं सूप मीच घेणार," तू म्हणालीस. "मी बाजूला बसले तर कोण घेईल? थोरली काकी? ती सुपातली काकडी मोजत बसंल."

आपण दोघी हसलो. मी मागच्या फळीवरून स्ट्रिप काढली. गणपती, नवरात्र, सत्यनारायण, लग्नं, प्रत्येक सणाच्या आधी बायका या गोळ्या मागतात आणि आम्ही देतो. डॉक्टरची चिठ्ठी कोण बघतं? देवाचं काम म्हटल्यावर विचारणाऱ्यालाच ओशाळं वाटतं. तू मात्र विचारलंस. स्ट्रिप पिशवीत टाकता टाकता थांबलीस आणि म्हणालीस, "माझ्या पायांना चालंल ना गो?"

वहिनी, मी काय म्हणाले ते तुला माहीत आहे. "पायाचा काय संबंध? सगळ्या घेतात."

ज्या बाईच्या पायात रक्त साठून राहतं तिला या गोळ्या विचार करून द्यायच्या असतात, कारण त्या रक्ताला गोठायला मदत करतात. हे मी शिकले होते. परीक्षेत लिहिलंही होतं. पण ते एका पानावर होतं आणि तू माझ्यासमोर बाकावर हसत बसली होतीस.

तू हरतालिकेला पाण्याचा थेंब घेतला नाहीस. वर कुडपणला जाऊन सारवण, फराळ, पाहुणे, सगळं केलंस. दुकान बंद ठेवता येईना म्हणून मी यंदा आले नाही. फोटो आले. हिरव्या साडीत तू, अंकिता सूप पुढे करते आहे, तुझे दोन्ही हात पसरलेले. मी विकीला लिहिलं, "सासू सुनेपेक्षा जास्त नटली आहे."

गौरी गेल्या, तुम्ही सगळे खाली आलात. त्या दिवशी तू दुकानात आलीस तेव्हा बाहेर पंधरा माणसं उभी होती, तापाची साथ होती. तू काउंटरच्या पलीकडून म्हणालीस, "हा पाय नेहमीसारखा नाय गो. एकच सुजलाय, डावा. नि डोकं फुटतंय. आडवी झाले की जास्तच, बसून झोपत्ये." मी मान वाकडी करून साडीच्या काठाखाली बघितलं. सूज दिसली. मी तुला मलम दिलं, डोकेदुखीची गोळी दिली आणि म्हटलं, "सण झाला की हे होणारच. कधी पाय वर करून बसली होतीस का?" तू उंबऱ्यावरून वळून म्हणालीस, "मी सांगत्ये तुला, पायातनं चढलंय हे." आणि मागच्या माणसाने चिठ्ठी पुढे केली.

ती माझी तुझी शेवटची धड भेट. दुसऱ्या दिवशी उलट्या, मग समोरची भिंत दोन-दोन दिसायला लागली, मग झटका. महाडच्या दवाखान्यातून तुला पुढे मोठ्या रुग्णालयात हलवलं. गाडीत तुझे पाय माझ्या मांडीवर होते. डावा गरम लागत होता, पोटरी दगडासारखी कडक. तेव्हा मला कळलं, आणि मी दादासमोर तोंडातून शब्द काढला नाही.

तिथल्या डॉक्टरबाईंनी मला बाहेर बोलावलं. मी औषधवाली आहे हे कळल्यावर त्या मोकळेपणाने बोलल्या. पायाच्या शिरेत गाठ आहे, आणि डोक्यातून रक्त परत नेणाऱ्या शिरेतही गाठ आहे. मी त्यांना आपल्या भांडणातला प्रश्न विचारला, तसाच. पायाचा डोक्याशी संबंध असतो का? त्या म्हणाल्या, नुसत्या फुगलेल्या शिरांनी डोकं दुखत नाही, त्यात तुम्ही बरोबर होतात. आणि पायातली गाठ काही डोक्यात चढलेली नाही. पण आत्ता यांचं रक्तच गोठायच्या मागे लागलंय, पायात गोठलं तसं डोक्यात गोठलं. मग त्यांनी विचारलं, "हार्मोनच्या काही गोळ्या चालू होत्या?" मी हो म्हटलं. त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. एकट्या गोळ्यांवर ढकलता येणार नाही, त्या म्हणाल्या. पाय तसे, उपास, पाणी कमी, धावपळ, सगळं मिळून आलं. पण असे पाय असलेल्या बाईला त्या चिठ्ठीशिवाय द्यायला नको होत्या. डोकं पहिल्यांदा दुखलं त्याच दिवशी आणलं असतं तर काही करता आलं असतं.

म्हणजे इतकी वर्षं मी बरोबर होते, आणि ज्या दिवशी बरोबर असायला हवं होतं त्या दिवशी तू बरोबर होतीस. हे तुला सांगायला मी वॉर्डात गेले. तू डोळे उघडले नाहीस. दोन दिवसांनी सकाळी डॉक्टरबाई स्वतः बाहेर आल्या, आणि मी त्यांच्याकडे न बघता भिंतीवरचं औषधांचं पोस्टर वाचत राहिले. ते सगळं वाचून होईपर्यंत त्यांनी मला काही सांगू नये असं वाटत होतं.

तेराव्याला कुडपणला काय झालं ते ऐक. पंगत बसायच्या आधी अंकिता देवाजवळ दिवा लावायला गेली, तर थोरल्या काकीने तिच्या हातातली काड्यापेटी काढून घेतली. सगळ्यांसमोर म्हणाली, "पहिला ओवसा केलान नि घरची लक्ष्मी गेली. पांढऱ्या पायाची आणलीत. नि सासूसाठी डोळ्यात टिपूस नाय बघा हिच्या." चार बायकांनी माना हलवल्या. दादाने ऐकलं आणि जमिनीकडे बघत राहिला. विकी तोंड फिरवून बाहेर गेला. पोर चुलीजवळ जाऊन बसली आणि भात उकरायला लागली. खरंच तिच्या डोळ्यात पाणी नव्हतं.

मी कुठे होते? मी पत्रावळी मांडत होते, वहिनी. एका वाक्यात ती सुटली असती. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी एकेक पत्रावळ नीट सरळ करत राहिले.

विकी नोकरीवर परत मुंबईला गेला, दादाला सोबत म्हणून अंकिताला वरच ठेवलं. मी दुकान उघडलं. काल सकाळी एक बाई आली, ओळखीची, कँटीनमध्येच काम करते. "उद्या घट बसतायत. माझी तारीख पाचव्या माळेला येत्ये. त्या गोळ्या द्या." मी तिला म्हटलं, "पाय दाखव." ती बघतच राहिली. मी विचारलं, पाय सुजतात का, शिरा फुगल्यात का, डोकं दुखतं का, घरात कुणाला रक्ताची गाठ झाली होती का. ती वैतागली. "गेल्या साली तुम्हीच दिलेल्या. तेव्हा काय बी विचारलं नव्हतं." मी म्हटलं, डॉक्टरकडे जा, चिठ्ठी आण. ती पिशवी खांद्याला लावत म्हणाली, "राहू दे. स्टँडाजवळच्या दुकानात देतात." आणि गेली. मी दुकानाचं शटर ओढलं आणि पोलादपूरची गाडी धरली.

दादा ओटीवर बसला होता. काकी आत तांदूळ निवडत होती. मी चप्पलसुद्धा न काढता सांगितलं, सगळं. गोळ्या मी दिल्या. चिठ्ठीशिवाय दिल्या. तिने पायांचं विचारलं होतं, मी हसण्यावारी नेलं. सुजलेला पाय घेऊन ती माझ्याकडे आली, मी मलम देऊन परत पाठवली. डॉक्टरबाई काय म्हणाल्या तेही सांगितलं, त्यांनी मला जेवढी सूट दिली होती तेवढी धरून आणि माझा दोष धरून.

दादाने मान वर केली. मग म्हणाला, "पाय हातात घेऊन बघितलास तिचा?"

"नाय दादा. काउंटरच्या आतून बघितला."

तो उठला आणि घरामागे गेला. आतून काकी म्हणाली, "गोळीचं निमित्त गो. वेळ भरली होती तिची." मी दारात जाऊन म्हटलं, "काकी, वेळ भरली होती तर भरली होती. निमित्त पाहिजे असंल तर माझं नाव घे. त्या पोरीचं परत घेतलंस तर मी या घरात पाणी पिणार नाय." काकीने सूप खाली ठेवलं. दादा परत आला नाही. मी अर्धा तास थांबले. लहानपणापासून तो मला गाडीवर बसवायला आला नाही असं कधी झालं नव्हतं.

अंकिता आली. माझी पिशवी घेऊन चढावापर्यंत चालली. मग म्हणाली, "आत्या, म्हणजे माझ्यामुळं नाय?"

"नाय."

"ओवशामुळं पण नाय?"

"नाय गो. माझ्यामुळं."

ती रस्त्याच्या कडेला दगडावर बसली. मला वाटलं आता रडेल, बरं होईल. ती रडली नाही. माझा हात धरून म्हणाली, "सूप घेताना आई मला कानात बोलल्या होत्या. 'डोकं लय दुखतंय गो, डोळ्यापुढं काळं येतंय. पण कुणाला बोलू नको, तुझा ओवसा हाय.' मी नाय बोलले. मला वाटलं, उपासाचं असंल. दुसऱ्या दिवशी पण तशाच होत्या, मी तरी नाय बोलले." "मी तेव्हाच तुम्हाला फोन केला असता तर?"

वहिनी, त्या दिवशी फोन आला असता तर हातात तीन दिवस जास्त मिळाले असते. डॉक्टरबाईंचं वाक्य मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. ती पोर एकवीस दिवस हे पोटात घेऊन घरभर फिरत होती, काकीचं बोलणं ऐकत होती आणि बरोबरच आहे असं मानत होती. म्हणून टिपूस नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, मी औषधवाली, मला माहीत असणार म्हणून. आणि मी नुकतीच सगळ्यांसमोर खरं बोलून आले होते.

"काहीच फरक पडला नसता गो," मी म्हणाले.

तेव्हा ती रडली. "आई, आई" करत, पदर तोंडात कोंबून. जीप आली, थांबली, मी हाताने पुढे जा म्हटलं. तू तिला गप्प राहायला सांगितलं होतंस, ते आता मी सांभाळते आहे. हे दादाला सांगणार नाही, विकीला नाही, कुणालाच नाही. तुला सांगितलं, कारण तुझ्यापासून लपवायची सवय मला नाही.